गोनोकोकस जिवंत ठेवताना

परम्याचा, म्हणजे गोनोकोकस या जिवाणूमुळे होणाऱ्या लैंगिक आजाराचा, नमुना प्रयोगशाळेत आला की त्याच्याकडून दोन गोष्टी काढून घ्यायच्या असतात. संसर्ग आहे का, ही पहिली. न्यूक्लिक अ‍ॅसिड चाचणी, म्हणजे नॅट, ते काही तासांत सांगते. मेलेल्या जिवाणूचा डीएनए उरला असला तरी तिचं काम भागतं. दुसरी गोष्ट म्हणजे हा जिवाणू कुठल्या औषधाला दाद देईल. त्यासाठी तो जिवंत हवा आणि प्लेटवर वाढलेला हवा. नॅट आल्यावर पहिलं काम इतकं सोपं झालं की अनेक दवाखान्यांतून कल्चर येणंच थांबलं, आणि सेफ्ट्रियाक्सोन या आजच्या मुख्य औषधाला न जुमानणारे स्ट्रेन, म्हणजे या जिवाणूचे वाण, देशोदेशी पसरले ते याच काळात. आम्ही कल्चर आणि संवेदनशीलता चाचणीचं काम करतो. स्वॅब घेण्यापासून तो स्ट्रेन आंतरराष्ट्रीय नोंदीत जाईपर्यंत काय काय करावं लागतं आणि वाटेत हातचा जिवाणू कुठे कुठे निसटतो, ते इथे सविस्तर मांडतो आहोत.

आधी थोडा इतिहास, कारण आजच्या चाचणीत जी औषधं तपासली जातात ती या इतिहासातूनच आली आहेत. सल्फा औषधं १९३० च्या दशकात आली आणि दहा वर्षांत निकामी व्हायला लागली. पेनिसिलिनचा डोस आधी छोटा पुरायचा, मग वाढवत न्यावा लागला, आणि १९७६ मध्ये पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम, पेनिसिलिनेज, बनवणारे स्ट्रेन सापडले. त्यांतल्या एका गटाचा माग पश्चिम आफ्रिकेकडे जात होता, दुसऱ्याचा आग्नेय आशियाकडे. प्रवाशांबरोबर प्रतिरोध फिरतो हे तेव्हाच कळलं होतं. टेटएम जनुक वाहणाऱ्या प्लाझ्मिडमुळे, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यामुळे, टेट्रासायक्लिन गेलं. स्पेक्टिनोमायसिन सरसकट वापरलं तेव्हा कोरियातल्या अमेरिकन सैनिकांमध्ये १९८० च्या दशकातच ते फसायला लागलं. सिप्रोफ्लॉक्सासिनला आशियात आधी तडा गेला आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, ते शिफारशीतून काढलं. सेफिक्झिमच्या गोळीनंतरही संसर्ग टिकल्याच्या नोंदी जपानमधून आल्या. २०१२ मध्ये सीडीसीने तिलाही पहिल्या पसंतीतून वगळलं. मग बहुतेक देशांच्या शिफारशींत उरलं ते सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन.

आता नमुना. पुरुषाला लघवीच्या जागेतून पू येत असेल तर काम सोपं असतं: आलेला पू स्वॅबवर घ्यायचा. पू दिसत नसेल तर बारीक स्वॅब मूत्रनलिकेत दोन ते तीन सेंटिमीटर आत घालून हलकेच फिरवायचा, आणि त्याआधी निदान तासभर लघवी झालेली नसावी. गर्भाशयमुखाचा नमुना घेताना आधी वरचा चिकट स्राव एका स्वॅबने पुसून काढायचा, मग दुसरा स्वॅब एक ते दोन सेंटिमीटर आत नेऊन दहा सेकंद फिरवायचा. गुदद्वाराच्या स्वॅबला विष्ठा लागली तर तो टाकून नवा घ्यायचा. घशाचा नमुना दोन्ही टॉन्सिल आणि मागच्या भिंतीवरून घ्यायचा, जिभेवरून नाही. पेशंटला ओकारी येते म्हणून स्वॅब नुसता टेकवून काढला तर त्या नमुन्यातून काही मिळत नाही, आणि असे नमुने बरेच येतात.

स्वॅब कशाचा आहे यावर खूप काही अवलंबून असतं. साध्या कापसात मेदाम्लं असतात, ती गोनोकोकसला मारतात. लाकडी काडीही नको. डॅक्रॉन किंवा रेयॉनचा, प्लास्टिकच्या काडीचा स्वॅब घ्यावा. कल्चरचा आणि नॅटचा स्वॅब वेगळा ठेवावा, कारण नॅटच्या नळीतलं द्रावण पेशी फोडण्यासाठीच बनवलेलं असतं आणि त्यात बुडवलेल्या स्वॅबमधून काहीच वाढत नाही. दोन्ही नमुने इंजेक्शन देण्याआधी घ्यायचे. आधी टोचून मग स्वॅब घेतला तर संवेदनशील स्ट्रेन वाढतच नाही, आणि न वाढलेल्या प्लेटवरून औषधाबद्दल काही सांगता येत नाही.

सगळ्यात चांगलं म्हणजे पेशंटच्या शेजारीच प्लेटवर टाकणं. प्लेट खोलीच्या तापमानाला आलेली हवी. फ्रीजमधून काढलेल्या गार प्लेटवर टाकलेले गोनोकोकस लगेच मरायला लागतात. ते शक्य नसेल तर कोळसा असलेलं एमीज माध्यम वापरायचं. कोळसा विषारी घटक शोषून घेतो. स्वॅब त्यात खोलवर रोवून खोलीच्या तापमानाला, होईल तितक्या लवकर पोहोचवायचा. २४ तासांच्या आत पोहोचला तर आशा ठेवता येते. ४८ तासांनंतर आलेल्या स्वॅबमधून वाढ मिळालीच तर नशीब. हा नमुना फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. लघवीचे, थुंकीचे नमुने फ्रीजमध्ये ठेवायची सवय असते, त्या सवयीने परम्याचे नमुने किती वाया जातात याची गणती नाही. तशा नमुन्याचा रिपोर्ट «वाढ नाही» असा जातो आणि वाचणाऱ्याला वाटतं की जिवाणू नव्हता.

माध्यम असतं सुधारित थेयर-मार्टिन: रक्त उष्णतेने तपकिरी केलेलं चॉकलेट अगर आणि त्यात चार औषधं. लिटरला ३ मिलिग्रॅम व्हँकोमायसिन ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंसाठी, ७.५ मिलिग्रॅम कोलिस्टिन बाकीच्या ग्रॅम-निगेटिव्हसाठी, निस्टॅटिन बुरशीसाठी आणि ५ मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम प्रोटियसने प्लेटभर पसरू नये म्हणून. गोनोकोकस या चौघांतून तरून वर येतो. मात्र काही थोडे स्ट्रेन व्हँकोमायसिनलाच बळी पडतात, म्हणून पुवाच्या नमुन्यासाठी औषध नसलेली चॉकलेट अगरची एक प्लेट सोबत लावणं शहाणपणाचं. प्लेट ३५ ते ३६.५ अंश सेल्सियसला, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, भरपूर दमट हवेत ठेवायची. इनक्यूबेटर ३७ च्या वर गेला की वाढ खालावते. पाण्याचा ट्रे कोरडा पडलेला असतो आणि कुणाच्या लक्षात आलेलं नसतं, हा या कामातला अगदी नेहमीचा घोळ. इनक्यूबेटर नसेल तर मेणबत्तीच्या बरणीतही कार्बन डायऑक्साइड पुरेसा साठतो, मेणबत्ती पांढऱ्या मेणाची आणि बिनसुगंधी असेल तर. प्लेट २४, ४८ आणि ७२ तासांनी बघायची आणि त्यानंतरच «वाढ नाही» म्हणायचं.

२४ तासांनी वसाहती दिसतात त्या बारीक, करड्या, चकचकीत आणि जवळजवळ पारदर्शक. लूपने उचलताना किंचित चिकट लागतात. पहिली चाचणी ऑक्सिडेजची: वसाहत गाळणकागदावर घासून अभिकर्मकाचा थेंब टाकला की दहा सेकंदांत गडद जांभळा रंग यायला हवा. लूप निक्रोमची असेल तर त्यातल्या लोहाने खोटा रंग येऊ शकतो, म्हणून प्लॅटिनमची किंवा प्लास्टिकची वापरावी. मग ग्रॅम स्टेन: गुलाबी, जोडीजोडीने बसलेले, एकमेकांकडे सपाट बाजू केलेले गोलाणू. लक्षणं असलेल्या पुरुषाच्या पुवाच्या थेट स्मिअरमध्ये पांढऱ्या पेशींच्या आत हे दिसले की निदानाला ९५ टक्क्यांहून जास्त खात्री असते. गर्भाशयमुखाच्या स्मिअरची पकड निम्म्यावर येते. घशाचा स्मिअर करूच नये, कारण तिथे राहणारे इतर नायसेरिया हुबेहूब असेच दिसतात. पुढे साखरेच्या चाचण्या: गोनोकोकस फक्त ग्लुकोज वापरतो, मेनिंगोकोकस ग्लुकोजबरोबर माल्टोजही. माल्डी-टॉफ, म्हणजे जिवाणूच्या प्रथिनांच्या वजनांवरून ओळख सांगणारं यंत्र, असेल तर ओळख मिनिटांत होते, पण घशातून आलेल्या स्ट्रेनसाठी तिच्या जोडीला दुसऱ्या तत्त्वावर चालणारी एखादी चाचणी आम्ही नेहमीच करतो.

घशाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. घशातल्या परम्याला बहुतेक वेळा लक्षणंच नसतात. पेशंट तक्रार घेऊन येत नाही, संसर्ग आठवडेच्या आठवडे टिकतो आणि तोंडावाटे पुढे जातो. घशाच्या ऊतींमध्ये औषधाची मात्रा सारखी राहत नाही, त्यामुळे मूत्रनलिका साफ करणारा डोस घशात कमी पडू शकतो. तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त खटकते. घशात निरुपद्रवी नायसेरिया कायम वस्तीला असतात, ते पेशंटने कशाकशासाठी घेतलेली प्रतिजैविकं वर्षानुवर्षं झेलत असतात, आणि गोनोकोकस आयुष्यभर आसपासचा मोकळा डीएनए आत ओढून घेतो. डीएनएवर नायसेरियाची खूण असलेला छोटा क्रम असला की तो सहज आत घेतला जातो. सेफ्ट्रियाक्सोनला रोखणारं पेनए जनुक असंच तुकड्यातुकड्यांनी, दुसऱ्या नायसेरियांकडून आलेलं आहे. त्याला मोझेक म्हणतात ते त्यासाठीच. जगातला पहिला ठळक सेफ्ट्रियाक्सोन-प्रतिरोधक स्ट्रेन, एच०४१, २००९ मध्ये क्योटोत सापडला तो घशाच्याच नमुन्यात. त्याचा सेफ्ट्रियाक्सोनचा एमआयसी, म्हणजे वाढ थांबवायला लागणारी औषधाची कमीत कमी मात्रा, होता २ मिलिग्रॅम प्रति लिटर, जेव्हा बहुतेक स्ट्रेन ०.०३ वर किंवा त्याखाली थांबतात. म्हणून नमुना घेणाऱ्यांना आमचं सांगणं असतं: पेशंटने तक्रार केली नसली तरी मुखमैथुनाची विचारणा करा आणि घशाचा स्वॅब घ्या.

संवेदनशीलता चाचणीची संदर्भ पद्धत म्हणजे अगर डायल्युशन: औषधाच्या दुपटीदुपटीने वाढणाऱ्या मात्रा घातलेल्या प्लेटा आणि प्रत्येकीवर स्ट्रेनचा ठिपका. मोठ्या केंद्रांना हे जमतं. बाकीचे ग्रेडियंट पट्टी, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्याकडे औषधाची मात्रा वाढत जाणारी पट्टी, वापरतात, आणि नीट वापरली तर पट्टीचं उत्तर अगर डायल्युशनच्या एका दुपटीच्या आत येतं. नीट म्हणजे कसं ते सांगतो.

वाढ १८ ते २४ तासांची ताजी हवी. जुन्या वसाहतींमध्ये बरेच जिवाणू मेलेले असतात. त्यांच्यामुळे द्रावण गढूळ दिसतं, पण जिवंत संख्या कमी भरते आणि एमआयसी खोटा खाली येतो. द्रावण ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचं माप) करायचं आणि पंधरा मिनिटांत वापरायचं, कारण गोनोकोकस स्वतःच फुटायला लागतो. १ टक्का पूरक घातलेल्या, गोनोकोकससाठीच्या जीसी अगरवर ते तीन दिशांनी सारखं पसरायचं. पृष्ठभाग कोरडा झाल्यावर पट्टी चिमट्याने एका दमात ठेवायची. एकदा टेकली की सरकवायची नाही, कारण टेकताक्षणी औषध अगरमध्ये उतरतं. २० ते २४ तास, ३६ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइडने माध्यम आम्लतेकडे झुकतं आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन आम्लात मंदावतं. म्हणून त्याचा टक्का वर गेला की अ‍ॅझिथ्रोमायसिनचा एमआयसी उगीचच वर जातो.

वाचताना प्लेट हातात धरून, तिरप्या उजेडात, भिंगाने बघायची. वाढ न झालेला भाग पट्टीभोवती लांबट अंड्याच्या आकाराचा दिसतो. त्याची कड पट्टीला जिथे टेकते तो आकडा. कडेच्या आत एखाददुसरी बारीक वसाहत दिसली तर ती मळ म्हणून सोडून द्यायची नाही. ती उचलून वेगळी वाढवायची, शुद्धता बघायची आणि पुन्हा चाचणी लावायची. कधीकधी नमुन्यात दोन स्ट्रेन असतात आणि महत्त्वाचा तोच असतो. पट्टीवर अर्ध्या पायऱ्याही छापलेल्या असतात, तिथे वरच्या पूर्ण पायरीवर जायचं: ०.०९४ आलं तर ०.१२५ लिहायचं, ०.१९ आलं तर ०.२५. ही छोटी गोष्ट चुकली तर ऐन सीमेवरच्या स्ट्रेनचा निकाल उलटतो.

सीमाही जगभर एक नाही. युरोपच्या युकास्ट निकषांत सेफ्ट्रियाक्सोनचा एमआयसी ०.१२५ च्या वर गेला की स्ट्रेन प्रतिरोधक. अमेरिकेच्या सीएलएसआयप्रमाणे ०.२५ पर्यंत संवेदनशील. म्हणजे ०.२५ चा स्ट्रेन एका देशाच्या रिपोर्टात प्रतिरोधक ठरतो आणि दुसऱ्याच्या रिपोर्टात बिनधोक. म्हणून रिपोर्टात नुसतं एस (संवेदनशील) किंवा आर (प्रतिरोधक) लिहू नये, आकडा लिहावा आणि निकष कुठला तेही. अमेरिकेची जिस्प ही देखरेख योजना १९८६ मध्ये सुरू झाली. ती सेफ्ट्रियाक्सोनसाठी ०.१२५, सेफिक्झिमसाठी ०.२५ आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनसाठी २ किंवा त्यावरचा आकडा इशारा म्हणून धरत आली. हे आकडे आमच्या भिंतीवर लावलेले आहेत.

दर वेळी नियंत्रक स्ट्रेन सोबत लावायचा. नेहमीचा एटीसीसी ४९२२६, त्याचा सेफ्ट्रियाक्सोन ०.००४ ते ०.०१६ मध्ये यायला हवा. पण तो तर सरळ संवेदनशील स्ट्रेन आहे. त्याचं उत्तर बरोबर आलं म्हणजे आपली पट्टी प्रतिरोध पकडते असं सिद्ध होत नाही. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या संदर्भ स्ट्रेनमधले निवडक ठेवावेत. त्या संचातला डब्ल्यूएचओ एक्स म्हणजेच क्योटोचा एच०४१, वाय म्हणजे फ्रान्समध्ये २०१० मध्ये सापडलेला एफ८९. प्रयोगशाळेत प्रतिरोधक स्ट्रेन कधी आलाच नसेल, तर येईल तेव्हा तो ओळखू येईल की नाही हे यांच्यावरूनच कळतं.

इशाऱ्याच्या वरचा आकडा आला की पुढची पावलं ठरलेली आहेत. पहिला फोन दवाखान्याला. रिपोर्ट छापून जाईपर्यंत थांबायचं नाही. मग एकाच वसाहतीपासून पुन्हा वाढवून शुद्धता, ओळख आणि एमआयसी तिन्ही नव्याने. प्रतिरोधक म्हणून आलेला स्ट्रेन कधीकधी मेनिंगोकोकस किंवा घशातला दुसराच नायसेरिया निघतो. खात्री झाली की संदर्भ प्रयोगशाळेकडे. त्याच दिवशी ताज्या वाढीचं दाट द्रावण २० टक्के ग्लिसरॉल घातलेल्या ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये करून उणे ७० किंवा त्याखाली गोठवायचं, दोन कुप्या, शक्यतो दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये. उणे २० ला ठेवलेली कुपी फार दिवस टिकत नाही. प्लेटवर चार दिवस ठेवून दिलेला स्ट्रेनही मरतो. रोजच्या रोज नव्या प्लेटवर न्यावा लागतो. जोडून सुट्ट्या आल्या की हमखास स्ट्रेन गमावले जातात. पाठवताना वर्ग ब, यूएन ३३७३ च्या तिपदरी वेष्टनात, कोरड्या बर्फात.

संदर्भ प्रयोगशाळा संपूर्ण जनुकक्रम काढते, साधारण २२ लाख अक्षरांचा. त्यात बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: पेनए, औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाचा लगाम असलेलं एमटीआरआर, औषधाच्या आत शिरण्याची वाट अरुंद करणारं पोरबी, पोनए, सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी जायरए आणि पारसी, अ‍ॅझिथ्रोमायसिनसाठी २३एस आरआरएनए. शेवटच्याच्या चार प्रती असतात आणि चारही बदलल्या की एमआयसी २५६ च्या पुढे जाऊ शकतो. एकाच प्रतीत बदल असेल तर संगणकाची साधी जुळवणी तो चुकवू शकते, म्हणून वाचनांतलं प्रमाण बघावं लागतं. या सात जनुकांवरून एनजी-स्टार हा क्रमांक मिळतो. तो जगभर एकच असल्याने ओसाका आणि कोपनहेगनचे स्ट्रेन शेजारी ठेवता येतात.

एच०४१ त्यानंतर पसरताना दिसला नाही. प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत त्याच्या पेनएची किंमत जिवाणूला वाढीत मोजावी लागते असं आढळलं आहे. २०१५ मध्ये जपानमध्येच सापडलेल्या एफसी४२८ चं तसं झालं नाही. त्याचा एमआयसी ०.५, म्हणजे एच०४१ पेक्षा कमी, पण इंजेक्शन फसवायला पुरेसा, आणि जिवाणू धडधाकट. त्याच्या पेनए जनुकाचा प्रकार पेनए-६०. २०१७ मध्ये त्याच जातकुळीचे स्ट्रेन डेन्मार्क, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात सापडले, पुढे चीन, फ्रान्स, सिंगापूर आणि इंग्लंडमध्ये. सापडलेल्यांपैकी अनेकांचा माग आशियातल्या प्रवासाकडे गेला. प्रयोगशाळेच्या अर्जावर प्रवासाचा रकाना का असतो, त्याचं उत्तर हे आहे. तो रकाना बहुतेक वेळा कोरा येतो. पेशंटचा प्रवास विचारायचा तसाच जोडीदाराचाही, गेल्या साठ दिवसांतला तरी.

२०१८ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जे घडलं त्यात सगळे दुवे एकत्र दिसतात. आग्नेय आशियात संबंध आलेला पुरुष, सेफ्ट्रियाक्सोनचा एमआयसी ०.५ आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनचा २५६ च्या पुढे. दोन्ही औषधांना इतका ठळक प्रतिरोध एकत्र असलेली ही जगातली पहिली नोंद. सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅम दिलं, पुढे स्पेक्टिनोमायसिन २ ग्रॅम दिलं, तरी घशातला संसर्ग हटेना. शेवटी एर्टापेनेम १ ग्रॅम शिरेतून तीन दिवस दिल्यावर घसा साफ झाला. कल्चर होतं म्हणून एर्टापेनेमचा एमआयसी काढता आला आणि उपचारांनंतरची तपासणी केली म्हणून घशातला संसर्ग उरल्याचं कळलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातही तशाच स्ट्रेनच्या दोन केस निघाल्या. २०२२ मध्ये ऑस्ट्रियात कंबोडियाहून परतलेल्या पुरुषात पुन्हा तोच दुहेरी प्रतिरोध.

उपचारांनंतरची तपासणी केव्हा करायची यातही गफलती होतात. नॅट फार लवकर केली तर मेलेल्या जिवाणूंचा डीएनए पॉझिटिव्ह दाखवते आणि उपचार फसले असा गैरसमज होतो. घशासाठी ७ ते १४ दिवसांनी, आणि चौदाव्या दिवशीचा निकाल जास्त भरवशाचा. कल्चर मात्र इंजेक्शननंतर तीन दिवसांनीही घेता येतं. तेव्हा वाढलं तर काहीतरी बिनसलं आहे. उपचार फसले असं म्हणण्याआधी पुन्हा संसर्ग झालेला नाही हे बघावं लागतं: मधल्या काळात संबंध, जोडीदाराचे उपचार, आणि आधीच्या व नंतरच्या दोन्ही स्ट्रेनचा जनुकक्रम. आधीचा स्ट्रेन गोठवलेला नसेल तर ही तुलनाच होत नाही.

कल्चर मुळीच शक्य नसेल तिथे नॅटच्या उरलेल्या नमुन्यावर थोडं काही करता येतं. जायरएमधली ९१ वी जागा मूळची असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन चालेल असं सांगता येतं, आणि काही देशांत त्यावरून गोळी दिलीही जाते. तेवढं एक सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन वाचतं. पेनए-६० शोधणारी पीसीआरही आहे. पण घशाच्या नमुन्यात इतर नायसेरियांची जनुकं घोटाळा करतात, आणि पीसीआरला जे शोधायला सांगितलं तेवढंच सापडतं. नव्या वाटेने आलेला प्रतिरोध प्लेटवरच कळतो.

आता परिस्थिती कुठे आली आहे ते आकड्यांत: २०२० मध्ये जगभरात ८.२ कोटी नवे संसर्ग झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तिच्या ईगॅस्प या देखरेख योजनेत सहभागी देशांमध्ये सेफ्ट्रियाक्सोनचा प्रतिरोध २०२२ मध्ये ०.८ टक्के होता, २०२४ मध्ये ५ टक्के झाला, सेफिक्झिमचा १.७ वरून ११. प्रतिरोध ५ टक्क्यांवर गेला की शिफारशीतलं औषध बदलावं, हा संघटनेचाच जुना दंडक. कंबोडिया आणि व्हिएतनाममध्ये प्रमाण सगळ्यात जास्त आढळलं. तिथे आढळलं याचं एक कारण तिथे आता नियमाने कल्चर होतं हेही आहे. जिथे होत नाही तिथला रकाना शून्याचा नसून रिकामा आहे, आणि नकाशा बघताना दोन्ही सारखेच पांढरे दिसतात.

नवी औषधं आता मंजूर होऊ लागली आहेत. झोलिफ्लोडासिन, ३ ग्रॅमचा तोंडी घ्यायचा एकच डोस. त्याची तिसऱ्या टप्प्याची चाचणी पाच देशांत ९३० जणांवर झाली. जेपोटिडासिन, ३ ग्रॅमचे दोन डोस दहा ते बारा तासांच्या अंतराने. दोन्ही जिवाणूच्या डीएनए गुंडाळणाऱ्या एन्झाइमवर काम करतात, सिप्रोफ्लॉक्सासिनपेक्षा वेगळ्या जागी. प्रयोगशाळांनी यांची तयारी आत्ताच करायला हवी. झोलिफ्लोडासिनसाठी जायरबीमधली ४२९ वी जागा बघायची. जेपोटिडासिनसाठी पारसीमधली ८६ वी. तिथला बदल सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वापराने अनेक स्ट्रेनमध्ये आधीच बसलेला आहे, म्हणजे त्यांना पुढचा एकच टप्पा उरतो. औषध वापरात येण्याआधीचे एमआयसी हातात नसतील तर नंतरचा बदल मोजायचा कशाशी? म्हणून फ्रीझरमधले जुने स्ट्रेन टाकून देऊ नका. प्रत्येक कुपीवर तारीख, नमुन्याची जागा आणि प्रवासाची नोंद आहे का ते तपासा. नसेल तर अर्ज अजून फाइलमध्ये सापडतो आहे तोवर ती भरून घ्या.